शून्य मैलावरचं बेट

काटोलचा माझा मित्र फोनवर आधी गप्पच झाला. मग म्हणाला, "संत्र्याचे फुलं? कायले पायजे?" म्हटलं, रमसाठी. "तू बरा आहेस नं बे?"

बराच होतो. फक्त घरी माई टाई, म्हणजे रमचं एक कॉकटेल, करायची, एवढंच डोक्यात बसलं होतं.

नागपूरच्या माणसानं बेटावरच्या पेयाचं खूळ घ्यावं यात गंमत आहेच. देशाचा मध्य मानला जाणारा शून्य मैलाचा दगड आमच्या गावात, म्हणजे कुठल्याही बाजूनं समुद्र लांबच. मुंबई रेल्वेनं ८३७ किलोमीटर. पाणी बघावंसं वाटलं की आम्ही फुटाळा तलावावर जाऊन भुट्टा खातो आणि परत येतो. पण ज्यानं हे पेय काढलं त्याची गोष्ट वाचली आणि मला धीर आला.

व्हिक्टर बर्जेरॉन, उर्फ ट्रेडर व्हिक, हा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा हॉटेलवाला. लहानपणी क्षयानं त्याचा एक पाय गेला होता. गिऱ्हाइकांना मात्र तो सांगायचा, शार्कनं खाल्ला. १९४४ साली त्यानं एक नवं मिश्रण ताहितीहून आलेल्या मित्रांपुढे ठेवलं. त्यातली बाई घोट घेऊन त्यांच्या भाषेत म्हणाली, "माईटाई रोआ आए", म्हणजे आपल्याकडचं "एक नंबर!" तेच नाव पडलं. त्याच्या दहाएक वर्षं आधी, अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठल्याबरोबर, हॉलिवूडमध्ये अर्नेस्ट गँट नावाच्या माणसानं 'डॉन द बीचकोंबर' बनून बांबूच्या सजावटीत रम विकायला सुरुवात केली होती. आपले पाक नि मसाले कुणी पळवू नयेत म्हणून तो बाटल्यांवर नावं लिहीतच नसे, नुसते आकडे: मसाला नंबर दोन, मसाला नंबर चार. एखाद्या सावजीवाल्याला मसाल्याचं प्रमाण विचारून पाहा, हा माणूस लगेच कळेल.

तर टिकी, म्हणजे बेटांचा देखावा मांडून रम पाजायचा हा सगळा प्रकार, हौसेनं सजवलेली थाप. मग ती ओकलंडात मारली काय आणि धरमपेठेत मारली काय!

कृती कागदावर पाच ओळींची. जुनी रम ६० मिली, एका लिंबाचा रस, ऑरेंज क्युरासाव १५ मिली, ऑर्झा नावाचं बदामाचं सरबत १५ मिली, आणि रॉक कँडीचा पाक दीड चहाचा चमचा. व्हिकनं घेतली होती ती सतरा वर्षं मुरलेली जमैकाची रम. माझ्याकडे ओल्ड मंक, सात वर्षांची. दहा वर्षांची तूट मी उमेदीवर भरून काढायची ठरवली.

शेवटच्या ओळीला मात्र हसू आलं. रॉक कँडी म्हणजे आपली दोऱ्याची खडीसाखर! इतवारीतून पाव किलो आणली. आईनं पिशवीत डोकावून विचारलं, "प्रसादाची का रे?" मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

क्युरासाव हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. स्पॅनिश लोकांनी तिथं संत्री लावली. कोरड्या मातीत ती इतकी कडू झाली की खाववेना, पण वाळलेल्या सालीला असा वास की पुढे तिचंच मद्य झालं. आमची संत्री दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणली असं सांगतात. तीही बाहेरचीच, पण इथल्या काळ्या मातीला चांगलीच मानवली. साल मात्र ढिली, बोट लावलं की सुटणारी, आणि कडवटपणात फार मवाळ. चार संत्र्यांची केशरी साल आतलं पांढरं खरवडून उन्हात वाळवली, दोन लवंगांसह आठवडाभर रममध्ये बुडवली, मग पाक घातला. क्युरासाव नव्हे ते. पण झाकण उघडलं की दिवाळीनंतरच्या कॉटन मार्केटमधल्या संत्र्यांचा वास यायचा.

फेब्रुवारी सरत आला होता. आमच्याकडे या दिवसांत एक मजा असते. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली, फळं बाजारात असतात आणि हिवाळ्याअखेरच्या आंबिया बहाराच्या बागा फुलावर असतात. म्हणून तर फुलांचा फोन. ऑर्झामध्ये बदामांसोबत नारिंगाच्या फुलांचं पाणी पडतं. (नाव मात्र बार्लीवरून आलंय. फ्रेंचमध्ये ओर्झ म्हणजे बार्ली. ती कधीच पेल्यातून गेली, नाव मागे राहिलं.) मित्र म्हणाला, "तोडू नको. एक फूल म्हणजे एक संत्र. झाडाखाली चादर टाक, पडते ते घे." रविवारी तासभर चादर अंथरून बसलो. मधमाश्यांची गुणगुण आणि वास असा, की रमची गरज राहू नये. ओंजळभर पांढरी, जाड पाकळ्यांची फुलं रुमालात बांधून आणली.

"कायले एवढे बदाम भिजत घातले बाप्पा?" आई.

"सरबताले."

मग ती बसलीच सोबत. भिजल्या बदामाला चिमटा घेतला की तो सालीतून सुळकन उडतो. आईचे सगळे वाटीत, माझे दोन फ्रिजमागे. मिक्सरमधून काढून, जुन्या मलमलीत बांधून पिळायला लागलो तर तिनं पुरचुंडी हातातून घेतली. "असं नाही. पीळ दे, थांब, मग परत पीळ दे." मनगटावरून दुधाचे ओघळ, खाली पातेल्यात दाट पांढरं. त्यात साखर विरघळवली आणि फुलं रात्रभर टाकली. चोथ्याच्या तिनं सकाळीच वड्या थापल्या. खरं सांगायचं तर सगळ्या उद्योगात सर्वांत जमलेली गोष्ट तीच.

रात्री मित्र आला. बर्फाचा चुरा हवा होता म्हणून खडे पंचात बांधून बत्त्यानं ठेचले. चौथ्या घावाला खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवून गेले. शेकर नव्हता, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत सगळं घालून हात गारठेपर्यंत हलवलं. वर व्हिकच्या पद्धतीनं पिळलेल्या लिंबाची अर्धी वाटी पालथी आणि शेजारी पुदिन्याचा शेंडा. लिंबू म्हणजे बेट, पुदिना म्हणजे झाड. आपलं कागदी लिंबू बेटाच्या मानानं लहानच. दोन मिनिटं तरंगलं, मग झाडासकट कलंडलं.

मित्रानं मोठा घोट घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला.

"हे तं थंडाई आहे नं बे," तो म्हणाला. "फक्त भांग चुकून बाटलीतली पडली."

मी ओकलंड, ताहिती, १९४४ वगैरे सांगायला घेतलं. तो म्हणाला, "हाव, हाव. अजून आहे का?"

दुसऱ्या दिवशी आई सालीच्या रमची बाटली हातात धरून उभी. "याच्यावर काही लिहून ठेव. उद्या माझ्या हातून खिरीत पडायचं." गँटची आठवण ठेवून मी कागदाची पट्टी चिकटवली: नं. ४.

संध्याकाळी पाहिलं तर त्याच्याखाली तिच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: खिरीत नाही.