हरलं कोण?

मे महिन्यातली दुपार, लाइट गेलेली, अंगणात आमसुलं वाळत घातलेली आणि मी पडवीत आडवा होऊन मोबाइलवर चेसची पझल्स सोडवतोय. खऱ्या डावांतली असतात ना, तीच. काळ्याची खेळी आणि वजीर उचलून ठेवायचा थेट जी३ या घरावर, पांढऱ्याच्या दोन प्याद्यांच्या आणि वजिराच्या तोंडात! हे ओळखीचं निघालं, अमेरिकेच्या मार्शलने १९१२ साली ब्रेस्लाऊला (आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) केलेलं. कुठल्याही प्याद्याने मारला तर मात, वजिराने मारला तर काळ्याचा घोडा शह देऊन तो वजीर परत खातो आणि काळ्याकडे एक मोहरं जास्त उरतं.

पण माझी एक खोड आहे, उत्तर सापडलं की आधी बघतो हरलं कोण ते. लेवित्स्की. बिचारा चांगला मास्टर होता, पण जगाला माहीत झाला तो दुसऱ्याच्या एका खेळीपायी.

लहानपणी आम्ही मालवणात असाच पट मांडायचो. आमचा एक पांढरा हत्ती कधीचा हरवलेला, त्याच्या जागी सुपारी, ती धड उभी राहायची नाही, जरा पट हलला की घरंगळत थेट काळ्या राजापाशी. समोर शेजारचे आबा. मी भलतंच मोहरं उचललं की ते म्हणायचे, "मेल्या, बघतंस खंय?" बस, म्हणजे पटावर काहीतरी आहे हे कळायचं, आणि आहे म्हटल्यावर सापडायचंच.

पझल म्हणजे हे आबाच की. खऱ्या डावात कोण सांगणार? २०१४ ला सोचीत जगज्जेतेपदाच्या लढतीत सहाव्या डावात कार्लसनने राजा डी२ वर नेला, ढळढळीत चूक, घोड्याने ई५ वरचं प्यादं मारायचं होतं फक्त, आणि आपल्या आनंदने प्यादं ए४ वर सरकवलं, वर डावही गेला. हेच पझल म्हणून द्या, आमच्या वाडीतलं पाचवीतलं पोर सोडवेल. क्रामनिक तर २००६ मध्ये जगज्जेता असताना डीप फ्रिट्झ या कॉम्प्युटर प्रोग्रॅमसमोर एका खेळीतली मात खाऊन बसला.

म्हणून ती 'दोन खेळींत मात' लिहिलेली पझल्स मला आवडतच नाहीत, अर्धा पेपर आधीच फुटलेला. नुसतं 'काळ्याची खेळी' म्हणा आणि मधूनच एखाद्यात काहीच नसू दे, गपचूप प्यादं सरकवायचं नि पुढे जायचं. अर्थात असं ॲप कोणी काढलंच तर दोन दिवसांत मीच डिलीट करेन म्हणा.