व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’, तरी काउन्सिलकडे गेले

नर्सच्या नोकरीवर इंग्लंडला आले तेव्हा नवरा नाशिकलाच होता. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि सहा वर्षांची लेक. काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या पालिकेच्या (काउन्सिलच्या) घरपट्टीसारख्या कराचं, पहिलं बिल पाहून धस्स झालं. इथे तो घरमालक नाही, सहसा घरात राहणारा भाडेकरूच भरतो.

घरात एकच प्रौढ असेल तर या टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते, १८ वर्षांखालची मुलं मोजत नाहीत. पण माझ्या व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’ ही अट होती, म्हणजे ठरावीक सरकारी मदत घ्यायला मनाई. वॉर्डातल्या मैत्रिणी म्हणाल्या, ‘अर्ज करू नकोस, व्हिसावर परिणाम होईल.’ ही भीती आपल्या लोकांत फार खोलवर आहे, म्हणूनच हे लिहितेय. मी होम ऑफिसचे, म्हणजे इथल्या गृहखात्याचे, नियम काढून वाचले. उत्पन्न कमी म्हणून मिळणारं काउन्सिल टॅक्स रिडक्शन हे पब्लिक फंड्समध्ये येतं, ते आपल्याला घेता येत नाही. एकट्या प्रौढाची सूट मात्र त्यात येत नाही. नावं सारखी वाटतात, त्यामुळे फॉर्म निवडताना नीट पाहा. मी ऑनलाइन अर्ज केला, राहायला आल्या तारखेपासून सूट धरून सुधारित बिल आलं आणि दरमहाचा हप्ता उतरला.

खरी कसोटी हिवाळ्यात लागली. लेकीच्या खोलीत काळी बुरशी धरली. कपाट सरकवलं तर मागची भिंत हाताला ओली लागत होती, वॉलपेपर सुटून लोंबत होता. लेकीचा खोकला थांबेना. एजंटचं एकच पालुपद: तुमचा स्वयंपाक फार, खिडक्या उघड्या ठेवा. फोनवर बोलणं सोडून मी सगळं ईमेलवर आणलं, तारखेसह फोटो जोडले. तरी हालचाल नाही, तेव्हा काउन्सिलच्या खासगी भाड्याची घरं पाहणाऱ्या विभागाकडे तक्रार केली. ही तक्रारसुद्धा पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. २००४ च्या हाउसिंग ॲक्टनुसार घराची तपासणी करून मालकाला दुरुस्तीची नोटीस देण्याचा अधिकार काउन्सिलला आहे.

तपासणीला आलेल्या बाईंनी भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावलं. मग बाथरूममधल्या हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या जाळीला टिश्यू पेपर धरून हात सोडला. पंखा घरघरत होता, पण कागद सरळ खाली पडला, म्हणजे तो हवा ओढतच नव्हता. बाहेर जाऊन वर पाहिलं तर पन्हळ फुटलेली, पावसाचं पाणी थेट त्याच भिंतीवर. माझ्या फोडणीचा काही संबंधच नव्हता! त्यांचं पत्र गेल्यावर मालकाने पन्हळ बदलली, नवा पंखा बसवला आणि भिंत वाळल्यावर रंगवूनही दिली.

पुढे नवरा डिपेंडंट व्हिसावर आला, तेव्हा सूट बंद करा म्हणून मीच काउन्सिलला कळवलं. हे २१ दिवसांत कळवावं लागतं, नाहीतर ७० पौंड दंड होऊ शकतो.