ज्या वस्तूने माणूस मेला तिची किंमत

इंग्लंडमधल्या कॉरोनरांच्या, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, मध्ययुगीन दप्तरात 1270 सालच्या ऑक्टोबर महिन्यातली एक नोंद आहे. बेडफर्डशायर परगण्यात, ईटन सोकन गावाच्या हद्दीतल्या एका जमीनदारणीच्या बिअरभट्टीत दोघीजणी धान्याच्या रबडीने भरलेला टब दोन्ही बाजूंनी धरून नेत होत्या आणि तो त्यांना शिशाच्या, आधण आलेल्या काहिलीत रिकामा करायचा होता. एकीचा पाय घसरला, ती काहिलीत पडली आणि टब तिच्या अंगावर आला. दुसरीने झेप घेऊन तिला बाहेर ओढले, आरडाओरडा केला, घरची माणसे धावत आली. धर्मगुरूने अखेरचे संस्कार केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. निकाल होता अपघाती मृत्यू.

या नोंदीत काय आहे यापेक्षा काय नाही, ते मला जास्त बोलके वाटते. काहिलीला कठडा का नव्हता, ओले जोते कोणी साफ करायचे, एवढे ओझे दोघींवरच का टाकले, यातले काहीही कोणी विचारल्याचे दिसत नाही. कॉरोनरला ते विचारायचेच नव्हते. 1194 साली निर्माण झालेले हे पद मुळात राजाचे हक्क आणि राजाचे उत्पन्न सांभाळण्यासाठी होते. अनैसर्गिक मृत्यू झाला की पहिल्यांदा पाहणाऱ्याने बोंब ठोकायची, कॉरोनर येईपर्यंत प्रेत हलवायचे नाही, मग आसपासच्या गावांतल्या माणसांनी प्रेत डोळ्यांनी पाहून शपथेवर सांगायचे, अशी रीत होती. त्यानंतर येई तो हिशेबाचा भाग: ज्या वस्तूने मरण ओढवले ती, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा व्हायची. या वस्तूला डिओडँड म्हणत, म्हणजे देवाला द्यायची वस्तू. धर्मादायासाठी असे त्याचे समर्थन होते, प्रत्यक्षात हा हक्क अनेक ठिकाणी जहागीरदारांना बहाल झालेला असे.

किंमत ठरवताना जी सूक्ष्मता दाखवली जाई ती थक्क करणारी आहे. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना माणूस पडून मेला तर फक्त चाक जप्त होई. गाडी चालती असेल तर चाक, गाडी, माल आणि घोडे, सगळेच जाई, कारण मरणाकडे नेणारी हालचाल त्या सगळ्यांची मिळून झाली असे मानले जाई. ज्यूरीतली, म्हणजे शपथेवर निकाल देणारी, माणसे मात्र त्याच पंचक्रोशीतली असत. शेजाऱ्याची गाडीघोडे जाऊ नयेत म्हणून एखादा क्षुल्लक भागच मृत्यूला कारण झाला असे ती सांगत, आणि वरची न्यायालयेही बहुधा तिकडे काणाडोळा करीत. हा दयाळूपणा खरा, पण तो वस्तूच्या मालकाच्या वाट्याला आला, मेलेल्याच्या घरच्यांच्या नव्हे.

मग वाफेची यंत्रे आली आणि ज्यूरींनी तेच जुने हत्यार उलट फिरवले. 24 डिसेंबर 1841 रोजी सोनिंग येथे पावसाने खचलेल्या दरडीवर ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी आदळली. तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांतून नाताळासाठी घरी निघालेल्यांत लंडनमध्ये पार्लमेंटची नवी इमारत बांधणारे पाथरवट बरेच होते. एकूण नऊ माणसे मेली. ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर 1000 पौंडांचा डिओडँड लावला. तो अपिलात टिकला नाही, पण इशारा कंपन्यांना कळला होता. 1846 साली पार्लमेंटने डिओडँड रद्दच केला आणि मृताच्या कुटुंबाला नुकसानभरपाईचा दावा लावण्याचा हक्क दिला. कामगाराच्या विधवेला तो फारसा उपयोगी पडला नाही, कारण 1837 सालच्या एका निवाड्यातून असा सिद्धान्त रुजला होता की सोबतच्या कामगाराच्या चुकीबद्दल मालक जबाबदार नाही. हा सिद्धान्त कायद्याने पुरता निघाला तो 1948 साली. सहाशे वर्षे चाललेली रीत बड्या भांडवलाला जाचू लागताच मोडीत निघाली, यात मला योगायोग दिसत नाही.

दंडाचे हत्यार गेल्यावर ज्यूरीच्या हाती शिफारस तेवढी उरली. 16 जानेवारी 1862 रोजी नॉर्थम्बरलँडमधल्या हार्टली कोळसा खाणीत पाणी उपसणाऱ्या इंजिनाची ओतीव लोखंडी तुळई मोडली आणि तिचा अर्धा भाग शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीसारख्या वाटेत, कोसळला. खाणीला शाफ्ट एकच होता. हवा खेळावी म्हणून त्यातच लाकडी पडदी घालून दोन भाग केलेले होते. पडदी उद्ध्वस्त झाली, वाट बुजली आणि 204 जण दगावले, त्यांतले बहुतेक विषारी वायूने. ज्यूरीने निकाल अपघाताचाच दिला, पण त्यापुढे जाऊन लिहिले की प्रत्येक चालू खाणीला बाहेर पडायची दुसरी वाट असलीच पाहिजे आणि इंजिनाच्या तुळया ओतीव लोखंडाऐवजी घडीव लोखंडाच्या असाव्यात. दुसरा शाफ्ट खणणे खर्चाचे काम होते, म्हणून तोवर तो खणला जात नसे. त्याच वर्षी कायदा होऊन तो सक्तीचा झाला.