सहाव्या जॉर्जचा रुपया-संच: १९३९ ची जागा अजून रिकामी

संच बराच पुढे सरकलाय. १९३८ आहे, १९४० ते १९४५ झाले, निकेलचा वाघवाला १९४७ सुद्धा आला. राहिलाय तो १९३९. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयांतलं हे फार दुर्मीळ वर्ष, आणि म्हणूनच ऑनलाइन त्याच्या नकला भरपूर फिरतात. तो घ्यायच्या आधी तपासणीची पद्धत पक्की करायची असं ठरवलं. यंदाची नोंद तिच्याबद्दलच.

सगळ्यात फसवी नक्कल सगळी खोटी नसते. खरा १९३८ चा रुपया घेतात आणि शेवटच्या ८ च्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढतात, की झाला ९. चांदी खरी, वजन खरं, कडाही खरी. वजनकाटा इथे काहीच सांगणार नाही, भिंगच लागतं. माझ्या १९३८ चा ८ दहापटीच्या भिंगाखाली नीट बघून ठेवला. अंकाच्या भोवतालचा सपाट भाग कसा सलग आहे, चमक कुठेही तुटत नाही. कोरलेल्या नाण्यात नेमकी तिथेच खरवड दिसते, नाहीतर ती लपवायला केलेलं पॉलिश दिसतं. विक्रेत्याकडे सालाचा तिरप्या उजेडातला जवळून फोटो मागायचा तो एवढ्यासाठी. देत नसेल तर पुढे बोलायचंच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे हलक्या धातूवर चांदीचा मुलामा. त्यासाठी पाण्यातलं वजन करून बघितलं, आणि ही चाचणी प्रत्येकाने घरी करावी असं मनापासून वाटतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरायचं, तळाला किंवा काठाला टेकू द्यायचं नाही, बुडबुडे चिकटले तर झटकायचे. मग काटा जो आकडा दाखवतो त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. १९३८-३९ चा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. पाण्यात काटा १.१३ च्या आसपास थांबायला हवा, म्हणजे घनता साधारण १०.३. तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेल असेल तर १.३१ दिसतं. फरक डोळ्यांत भरण्याइतका आहे. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आणली गेली, त्यामुळे ते रुपये १.२२ च्या जवळ येतात आणि त्यांच्या कडेला नुसत्या दात्यांऐवजी सुरक्षा-कडा (दात्यांच्या मधोमध नक्षीची खाच असलेली कडा) असते. १९३९ म्हणून दाखवलेल्या नाण्याला ती कडा दिसली, तर विषय तिथेच संपला. लिस्टिंगमध्ये दोन्ही बाजूंचे फोटो असतात, कडेचा क्वचितच असतो. तो मागून घ्या.

तिसरी सवय लावून घेतलीये ती जुळी शोधायची. वेगवेगळ्या लिस्टिंगमधले फोटो जतन करून शेजारी शेजारी ठेवतो. राजाच्या गालावर एकाच जागी, एकाच आकाराचा ओरखडा दोन नाण्यांवर दिसला, तर दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून केलेल्या साच्यातून निघालेली. व्यवहारात वापरलेल्या दोन नाण्यांना अगदी तीच जखम होत नाही.

संचाबाहेरचं थोडं. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेली, राम-सीता किंवा हनुमान असलेली आण्याची नाणी अजून मोठ्या किमतीला विकली जाताहेत. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. नव्याने छंद लागलेली मुलं श्रद्धेपोटी ती घेतात, याचा फार त्रास होतो. शिवराई या मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचंही तसंच. हाताने ठोकलेल्या खऱ्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ पूर्ण, मधोमध आणि रेखीव क्वचितच मिळतं, बहुतेकदा एखादं अक्षर कडेबाहेर गेलेलं असतं. एकसारख्या सुबक शिवराई नाण्यांचा ढीग दिसला तर हात आखडता घ्या. आणि तुमची जुनी नाणी लाखोंना विकत घेतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून तर लांबच राहा. बँकेनेच ४ ऑगस्ट २०२१ ला तसा इशारा दिलाय.

आता १९४० ते १९४५ च्या सुरक्षा-कडांचे जवळून फोटो काढायला घेतलेत, वर्षवार लावून टाकतो. तुमच्यापैकी कुणाकडे खात्रीचा १९३९ असेल तर त्याच्या ९ चा भिंगातून काढलेला फोटो आणि पाण्यातला आकडा जरूर द्या. ताडून बघायला अस्सल नमुना हवाय.