बिअरचा चोथा कार्यक्रमाच्या जेवणात वापरताना

2009 साली डूलाली या कंपनीने पुण्यात मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी, सुरू केली; देशातल्या अगदी सुरुवातीच्या ब्रुअरींपैकी ती एक. आता शहरात ठिकठिकाणी ताजी बिअर बनते आणि प्रत्येक बॅचनंतर भांड्याच्या तळाशी जवाचा वाफाळता चोथा उरतो. तो बहुतेक करून गोठ्यांवर जातो. त्यातला थोडा माणसांच्या ताटात आणायचा असेल, तर कल्पना चांगली असून भागत नाही. पहिल्या काही तासांत तो कसा हाताळला आणि पिठात किती घातला, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

आधी तो कसा तयार होतो ते पाहू. मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे माल्ट, भरडून साधारण 65 ते 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यातल्या पिष्टाची साखर होते, ती पाण्यात उतरते आणि हे गोड पाणी खालून काढून घेतात. वर उरतो तो चोथा. साखरेची दारू करणारं यीस्ट यानंतर दुसऱ्या टाकीत पडतं आणि हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, बहुधा गोड पाणी उकळताना घालतात. म्हणजे चोथ्यात दारू नसते. पाहुणे हे विचारतातच, तेव्हा जेवण वाढणाऱ्या मुलांनाही हे उत्तर माहीत असायला हवं.

100 लिटर बिअरमागे साधारण 20 किलो ओला चोथा निघतो. त्यात 75 ते 80 टक्के पाणी असतं. कोरड्या भागात साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं आणि निम्म्याच्या आसपास तंतू. पिष्ट जवळजवळ संपलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात: चोथा काहीही बांधून ठेवत नाही, पाणी हळूहळू पण भरपूर पितो, आणि वर जवाचं टरफल तसंच शिल्लक असतं.

ब्रुअरीत जाण्याआधी फोनवरच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. आज कोणती बिअर बनणार आहे? गव्हाची असेल तर गाळणं सोपं जावं म्हणून बऱ्याचदा मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरड्यात, भाताचं तूस मिसळतात. ते तूस दळूनही घशाला टोचतं, त्यामुळे तो चोथा घ्यायचाच नाही. स्टाउट किंवा पोर्टर अशी गडद बिअर असेल तर भाजलेल्या काळ्या माल्टमुळे चोथा कडवट लागतो. खजूर-कोकोच्या गोड पदार्थात तो छान जमतो, पण कोथिंबीर वडीत नाही. पेल एल किंवा लागर अशा साध्या, फिकट बिअरचा चोथा सगळ्यात उपयोगी. आणि चोथा कशात काढून देणार, हेही विचारावं. टाक्या कॉस्टिक सोड्यासारख्या रसायनांनी धुतात, आणि ज्या ड्रममध्ये कधी ती रसायनं भरली होती तो ड्रम चालणार नाही. आपली झाकणाची स्टीलची पातेली आणि आपलंच फावडं न्यावं.

भांड्यातून निघताना चोथा 70 अंशांच्या आसपास असतो. दूध हाताळताना जी घाई आणि काळजी घेतो तीच इथे लागते. गरम, ओला, थोडी साखर उरलेला हा माल पातेल्यात झाकून दुपारभर ठेवला की मधला भाग कोमटच राहतो आणि संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. पण वास येण्याची वाट पाहू नये. धान्यावर असणाऱ्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू मॅशच्या तापमानाला मरत नाहीत. माल कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष नंतर तळूनही नष्ट होत नाही. ‘पुढे तळणारच आहोत ना’ हा युक्तिवाद म्हणूनच घातक आहे.

हाताळायची पद्धत अशी: तासाभरात स्वयंपाकघर गाठता येत असेल तर चोथा गरमच न्यायचा. तिथे पोहोचल्या पोहोचल्या ट्रेमध्ये दोन सेंटिमीटरचा थर पसरून वर पंखा लावायचा. दोन तासांत तो 21 अंशांखाली आणि त्यापुढच्या चार तासांत 5 अंशांखाली यायला हवा. टोचून पाहायचा थर्मामीटर थराच्या मध्यभागी लावायचा, कडेला नाही. एवढं जमणार नसेल तर गार करण्याच्या भानगडीत न पडता थेट पिळून वाळवायला घ्यावा.

पिळण्याची पायरी गाळू नये. 10 किलो ओल्या चोथ्यात 22 टक्के घन भाग धरला तर वाळल्यावर साधारण 2.4 किलो हाती येतं, म्हणजे साडेसात किलोहून जास्त पाणी घालवायचं असतं. स्वच्छ पंच्यात बांधून हाताच्या स्क्रू-प्रेसमध्ये दाबलं की त्यातलं अडीच ते तीन लिटर वीज न वापरता निघून जातं. एक किलो पाण्याची वाफ करायला निव्वळ उष्णताच 0.63 युनिट लागते आणि साधा ड्रायर त्याहून बरीच जास्त वीज खातो. पर्यावरणासाठी म्हणून चोथा वापरायचा आणि तो न पिळता रात्रभर ड्रायरमध्ये ठेवायचा, हा हिशेब जुळत नाही. म्हणूनच जे पदार्थ ओल्या चोथ्यात होतात ते ओल्यातच करावेत. पिळलेला चोथा अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्यांत भरून उणे 18 अंशांवर ठेवला की महिनाभर आरामात टिकतो.

पीठ हवंच असेल तर ट्रेमध्ये जास्तीत जास्त एक सेंटिमीटरचा थर, 65 ते 70 अंश, आठ ते दहा तास, आणि दर दोन तासांनी हलवणं. थर जाड झाला की वरचा भाग कडक होतो, आतला दमट राहतो आणि दळताना जात्यावर लगदा बसतो. वाळला की नाही हे हाताला नीट कळत नाही, वजनाने कळतं. ओल्या 10 किलोचे अडीच किलोच्या खाली आले की झालं. उन्हात वाळवणं एप्रिलमध्ये पुण्यात, विदर्भात शक्य आहे, तेही पातळ थर आणि वर जाळी असेल तर. जून ते सप्टेंबर त्याचा विचारही करू नये.

दळण पूर्ण गार झाल्यावर, बारीक जाळी लावून घरघंटीत दोनदा. मग मैद्याच्या चाळणीने चाळायचं. वर राहिलेलं भरड टरफल कंपोस्टला. बाहेरच्या चक्कीवर देत असाल तर चक्कीवाल्याला आधी सांगा: हे जव आहे, यानंतर लगेच वरईचं किंवा राजगिऱ्याचं पीठ दळू नका. ग्लुटेन न चालणारी माणसं उपवासाचं पीठ निर्धास्तपणे खातात. पिठात चरबी असते, त्यामुळे उघडं राहिलं की खवट होतं. हवाबंद डब्यात, थंड जागी दोन महिने ही मर्यादा धरावी. वापरण्याआधी मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजलं की ओलसर धान्याचा वास जाऊन बिस्किटासारखा खमंग वास येतो. ही भाजणी टाळली की पदार्थाला पुठ्ठ्याची चव येते, आणि पाहुणे दुसऱ्यांदा घेत नाहीत.

आता जेवण. आपल्याकडे कार्यक्रमाचं शाकाहारी जेवण म्हणजे पनीर, क्रीम आणि खवा असं समीकरण झालंय. भाजी आणि कडधान्य कडेला ढकललं गेलंय. वनस्पतीप्रधान बेत करायचा तर मधल्या वाटीत मटकीची उसळ, भरली वांगी, वालाचं बिरडं हवं. चोथ्याने त्यांची जागा घेऊ नये. तो खायला कुरकुरीत, चावायला भरीव अशा बाजूच्या पदार्थांत शोभतो.

100 माणसांसाठी तीन पदार्थ नेमके जमतात.

पहिला, तिळाचे कुरकुरीत चौकोन, माणशी चार. कणीक 1.2 किलो, चोथ्याचं पीठ 600 ग्रॅम, ज्वारीचं पीठ 200 ग्रॅम, तीळ 150 ग्रॅम, ओवा 20 ग्रॅम, मीठ 36 ग्रॅम, तेल 250 मिलिलिटर, पाणी साधारण एक लिटर. पीठ मळल्यावर सैल वाटतं, तरी वरून कणीक घालायची नाही. झाकून अर्धा तास ठेवा. तंतू पाणी शोषतात आणि गोळा घट्ट होतो. दोन मिलिमीटर जाड लाटून काट्याने टोचे मारा, कापा, 160 अंशांवर 20 ते 25 मिनिटं भाजा. टोचे न मारल्यास फुगे येतात आणि फुग्यांची टोकं जळतात. मधले तुकडे मऊ राहिले तर तापमान वाढवू नका, 120 अंशांवर आणखी दहा मिनिटं ठेवा. सोबत भाजलेल्या वांग्याचं भरीत किंवा लसणाची ओली चटणी. हे दोन दिवस आधी करून डब्यात भरता येतात, त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी आचाऱ्यावर भार नाही.

दुसरा, कोथिंबीर वडी, माणशी दोन. इथे ओला चोथा चालतो. डाळीचं पीठ 1.5 किलो, पिळलेला चोथा 500 ग्रॅम, चिरलेली कोथिंबीर 1 किलो, पाणी 700 मिलिलिटर, शिवाय तीळ, आलं-लसूण-मिरची, हळद, हिंग, मीठ आणि मोहन. चोथा आधी ह्यातल्याच थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये अगदी मऊ वाटून घ्यायचा. तसाच घातला तर टरफल जिभेला लागतं आणि वडी कापताना सुरीबरोबर ओढली जाऊन कडा फाटतात. वळकट्या 20 ते 25 मिनिटं उकडून, पूर्ण गार करून मगच कापाव्यात. डाळीच्या पिठाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त चोथा घातला की वडी कढईत सुटते आणि तेल पिते. तळायचीच असं नाही, तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस केली तरी उत्तम लागते.

तिसरा, लाडू. भाजलेले शेंगदाणे 1.2 किलो, बिया काढलेला खजूर 600 ग्रॅम, गूळ 500 ग्रॅम, भाजलेलं चोथ्याचं पीठ 400 ग्रॅम, भाजलेले तीळ 300 ग्रॅम, वेलची-सुंठ. शेंगदाण्याचं तेल सुटेपर्यंत कूट करायचं, बांधणारं तेच आहे. 30 ग्रॅमचे 100 लाडू होतात, तूप लागत नाही.

थालीपीठही होतं: भाजणी 800 ग्रॅमला चोथ्याचं पीठ 200 ग्रॅम, आणि त्या 200 ग्रॅमसाठी 300 मिलिलिटर जास्तीचं पाणी, तेही गरम. फक्त 100 माणसांना तव्यावरून गरम थालीपीठ द्यायचं तर तीन तवे आणि तीन माणसं लागतात, हे यजमानांना आधी सांगावं. भाकरीत मात्र चोथा घालू नये. ज्वारीत ग्लुटेन नाही, भाकरी मुळात उकळत्या पाण्याच्या आणि हाताच्या जोरावर टिकते. त्यात दहा टक्के जरी हे पीठ गेलं तरी थापताना कडा चिरतात.

वरच्या तीन पदार्थांतून एका पाहुण्याच्या पोटात कोरडा धरून साडेअकरा ग्रॅमच्या आसपास चोथा जातो. याहून फार वर जाऊ नये. एरवी कमी तंतू खाणाऱ्याला अचानक खूप तंतू मिळाले की पोट फुगतं, आणि कार्यक्रमात वर उसळही असते. या साडेअकरा ग्रॅममध्ये प्रथिनं जेमतेम सव्वादोन ग्रॅम. 50 ग्रॅम मटकीतून बारा-एक ग्रॅम मिळतात. म्हणून मेनूकार्डावर चोथ्याला ‘प्रोटीनयुक्त’ म्हणून मिरवू नये.

‘कचरा वाचवला’ हा दावाही तपासून करावा. 100 माणसांच्या या बेताला पीठ चाळतानाची घट धरूनही सहा किलोच्या आतच ओला चोथा पुरतो. 500 लिटरच्या एका बॅचमधून 100 किलो निघतो. म्हणजे केटरिंग कितीही चाललं तरी उरलेला मोठा वाटा गोठ्यावरच जायला हवा, आणि गायी-म्हशींनी खाल्लेला चोथा काही वाया गेलेला नसतो. आम्हाला यात खरा लाभ दिसतो तो वेगळा: चोथ्याच्या निमित्ताने यजमान पनीरविना, खव्याविना जेवण द्यायला तयार होतात. दुधाच्या पदार्थांऐवजी कडधान्य आल्याने जो फरक पडतो तो सहा किलो चोथ्याने पडणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

कार्डावर साध्या शब्दांत लिहावं: ‘या पदार्थात बिअर बनवताना उरलेलं जव आहे. मद्य नाही. ग्लुटेन आहे.’ वड्यांच्या आणि लाडवांच्या थाळीपुढे ही ओळ हवीच, कारण डाळीच्या पिठाच्या वडीत किंवा शेंगदाण्याच्या लाडवात ग्लुटेन असेल असं कुणाच्या डोक्यात येणार नाही. शेंगदाणे आणि तीळही लिहावेत. मद्य नसलं तरी ब्रुअरीतून आलेलं धान्य काहींना श्रद्धेमुळे नको असतं. त्यांच्यासाठी चोथा न घातलेली वडी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चिमट्यासह ठेवावी आणि त्यावर वाद घालू नये.

ब्रुअरीत ज्या गवळ्याचा रतीब ठरलेला आहे, त्याला आपण किती आणि कोणत्या दिवशी घेणार हे आधी कळवावं. त्याच्या जनावरांचा खुराक त्यावर बसवलेला असतो. आपल्या स्वयंपाकघरात कोमट राहिलेला, आंबलेला चोथा त्याच्या ड्रममध्ये परत टाकायचा नाही, बुरशी लागलेला माल गुरांनाही बाधतो. तो कंपोस्टला जाऊ द्यावा, मापाने दुप्पट-तिप्पट सुका पालापाचोळा मिसळून; नुसता टाकला तर दोन दिवसांत घट्ट बसतो, आत हवा शिरत नाही आणि शेजारी तक्रार करतात.