आठ तास कधीपासून मोजायचे

भाजलेल्या रुग्णाला पहिल्या दिवसाचे निम्मे सलाईन ज्या पहिल्या आठ तासांत द्यायचे, ते तास तो वॉर्डात आल्यापासून नव्हे, तर भाजल्या क्षणापासून मोजायचे, हे मी नव्या सिस्टरांना वर्षानुवर्षे बजावत आले आहे. 2020 च्या जुलैत सोलापुरात पुन्हा कडक टाळेबंदी असताना, पहाटे साडेपाचला चार वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली, तेव्हा ते आठ तास वाटेतच सरले होते.

मार्चअखेर सगळे बंद झाले तेव्हा आमचा वॉर्डही रिकामा होईल, असा आमचा समज होता. यंत्रमाग थांबले आणि डाइंगच्या उकळत्या पाण्याने किंवा बॉयलरच्या वाफेने भाजलेले कामगार खरोखरच येईनासे झाले. त्यांच्या खाटा मात्र घरातल्या माणसांनी भरल्या. सॅनिटायझर चोळून, हात वाळायच्या आत गॅस पेटवणाऱ्या बायका आल्या. स्पिरिटची ती ज्योत उजेडात धड दिसतही नाही, त्यामुळे हात पेटल्याचे चटका बसल्यावरच कळते. आणि मुले आली. शाळा बंद, आईबापांचे काम बंद, एका खोलीत सहा-सात माणसे, आणि त्याच खोलीत जमिनीवर मांडलेली शेगडी.

ही मुलगी विडी कामगाराच्या घरातली होती. रात्री आठला घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने वाफारा घ्यायचा, हा त्यांचा नेम झाला होता. ओवा घातलेल्या उकळत्या पाण्याचे पातेले आणि डोक्यावरून आपली सोलापुरी चादर. पोरीने आत हात हलवला आणि पातेले मांडीवर आले. ती जाड सुती चादर गरम पाणी पिऊन अंगाला चिकटली आणि नुसत्या पाण्याने झाले असते त्यापेक्षा खोल भाजले. घरच्यांनी वर टूथपेस्ट लावली. वीस मिनिटे नळाखाली धरायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. एका दवाखान्याने आधी कोरोनाचा रिपोर्ट मागितला, पुढे नाक्यावर गाडी अडली, आणि मोठ्या दवाखान्यात नेले तर पोरीला वेगळे ठेवतील या भीतीने उरलेली रात्र घरीच गेली.

एक तळहात म्हणजे अंगाचा एक टक्का; पोट आणि मांड्या मिळून तिच्याच तळहाताने मोजून बारा टक्के भरले. तिच्याच म्हणते, कारण हा हिशेब आपल्या हाताने करण्याची चूक शिकलेली माणसेही करतात. वजन चौदा किलो. शिरा बसलेल्या, घोट्याजवळ तिसऱ्या प्रयत्नात सुई लागली. हुकलेले आठ तास एकदम भरून काढता येत नाहीत, म्हणून लघवीवर नजर ठेवायची, तासाला निदान चौदा मिली. पहिल्या तासाला पिशवीत चहाच्या रंगाचे पाचच मिली होते. दुपारपर्यंत रंग फिकट झाला. स्वॅबच्या रिपोर्टविना ड्रेसिंग रूम मिळेना, म्हणून संशयितांच्या खोलीतच टूथपेस्टचा थर भिजवून भिजवून काढला. भाजलेल्याला गारठा सोसत नाही, म्हणून पंखा बंद. पीपीई किटच्या आत मीही शिजत होते.

“इतक्या उशिरा आणतात, अडाणी लोक,” निवासी डॉक्टर म्हणाले. पोरगा कामाला चांगला, पण दोन रात्री झोपला नव्हता. मी त्यांना अडवले नाही, आणि त्याच सुरात आईला विचारले, “कुणी सांगितलं होतं हे करायला?”

“दवाखान्यातले लोकच सांगतात म्हणे, सिस्टर,” ती म्हणाली. “मोबाईलवर आलं होतं.”

वाफाऱ्याने कोरोना टळतो याला काहीही आधार नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरी माझ्या घरी रोज वाफारा चालू होता, आणि तसाच एक मेसेज मी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता.

मुलगी तीन आठवड्यांनी घरी गेली. रजिस्टरात कारणाच्या रकान्यात ‘गरम पाणी, घरगुती अपघात’ असेच लिहिलेले होते, म्हणजे चहा सांडला तरी लिहितात तेच. मी शेजारी ‘वाफारा’ एवढा शब्द घातला. महिन्याच्या तक्त्यात तो कोणी उतरवून घेतला नाही.