कागदी कप, काका आणि पाच हजारांची पावती

नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक म्हटलं की लोकांना वाटतं पावत्या फाडत फिरणारी बाई. खरं तर सकाळी सहाला हजेरी शेड, मग घंटागाड्या, मग तक्रारी, आणि मध्येच वरून मेसेज येतो की आज प्लास्टिक जप्ती, किती किलो ते लिहून फोटो ग्रुपवर टाका. वजनकाटा ज्याच्यावर कारवाई करतो त्याच भाजीवाल्याचा वापरतो, हे कुणाला सांगू नका.

हे 2022 च्या पावसाळ्यातलं. 1 जुलैपासून केंद्राची सिंगल यूज प्लास्टिक बंदी आली, स्ट्रॉ, चमचे, प्लेट, ग्लास, अगदी मिठाईच्या बॉक्सवरचं पातळ आवरणसुद्धा त्यात. आपल्या राज्यात यातलं बरंचसं 2018 पासूनच बंद, पण लोकांना पटवून कोण देणार. पिशवीवर 75 मायक्रॉन छापलेलं दाखवून हुज्जत घालणारे दुकानदार तर रोजचेच. अहो, ती जाडीची अट तेव्हाच्या देशाच्या नियमाची, महाराष्ट्रात कॅरीबॅग जाड असो नाहीतर पातळ, चालत नाही म्हणजे नाही. आमचेच एक सहकारी जाडी मोजायचं गेज घेऊन पिशवी न उलगडता तशीच दुहेरी मोजायचे आणि आकडा जास्त आला की सोडून द्यायचे, त्यांना दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

तर स्टँडसमोर एक चहावाले काका आहेत. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडचे प्लास्टिकचे ग्लास उचलले आणि पहिलीच वेळ म्हणून समज देऊन सोडलं. म्हटलं, काका, कागदी कप घ्या आणि निर्धास्त राहा. त्यांनी घेतले, सगळ्या गाडीवाल्यांत पहिले त्यांनीच, आणि पाकिटावर हिरवं पान छापलेलं होतं.

त्याच महिन्यात राज्याचा सुधारित आदेश आला, प्लास्टिकचं कोटिंग असलेले कागदी कप, प्लेट, वाट्यापण बंद. आम्हाला तो कळला ग्रुपवर आलेल्या पीडीएफमधून. जनजागृती वगैरे काही नाही, डायरेक्ट ऑगस्टमध्ये मोहीम, टार्गेटसकट.

आता कागदी कपात प्लास्टिक आहे हे दाखवायची माझी एक पद्धत आहे आणि मला तिचा थोडा गर्वपण आहे. कप गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, कागद पुरता भिजला की अंगठ्याने चोळत चोळत त्याचा लगदा काढायचा, की हातात उरते एक पातळ, पारदर्शक कपाच्या आकाराची पिशवी, सापाच्या कातीसारखी. भांडणारा माणूस ती बघून गप्प होतो. त्या दिवशी काकांच्याच पातेल्यातलं पाणी घेऊन मी सगळ्यांसमोर हे करून दाखवलं, मुकादम फोटो काढतोय, गिऱ्हाईकं वाकून बघतायत, आणि मी ती कात काकांपुढे धरली.

काका म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना कागदी घ्या म्हणून."

आवाज चढवून नाही हं, खरंच विचारल्यासारखं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावतीपुस्तक उघडलेलं होतं, मागे साहेबांची गाडी उभी होती, पहिला गुन्हा पाच हजार. आधी समज देऊन सोडलेलं साहेबांना माहीत, म्हणजे आता सोडायची सोयच नाही. पावती फाडली. काकांनी गल्ला उपडा केला, उरलेले शेजारच्या पानवाल्याकडून आणले. नोटा मोजताना माझ्याच बोटांना तो ओला लगदा चिकटलेला होता.

ते कप ज्या होलसेलवाल्याने विकले त्याच्याकडे दुपारी गेलो तर शटर खाली. दर वेळी खालीच असतं, आमच्या आधी फोन पोचतो, आणि तो ऑफिसातूनच जातो असं माझं स्पष्ट मत आहे. बनवणारे तर लांबच राहिले. नंतर कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या वस्तूंना प्रमाणपत्राच्या अटीवर सवलत आली, पण गाडीवाल्याने ते खरं की खोटं कसं ओळखायचं? कंपोस्टेबल कसा ओळखायचा ते मलाच बोटांनी सांगता येत नाही, छापलेल्या प्रमाणपत्राच्या नंबरावर विश्वास ठेवायचा.

मी तेव्हा साहेबांना म्हणायला हवं होतं का, की सर, यांना मीच चुकीचं सांगितलंय? पण चुकीचं तरी कुठे, त्या दिवशी ते बरोबरच होतं. इथेच येऊन अडकते मी.

काका आता काचेचे ग्लास वापरतात. धुवायला एक बादली, दुपारपर्यंत तेच पाणी. नियमाने बघायला गेलं तर त्याचीपण नोटीस मीच द्यायची. परवा तिथून जाताना त्यांनी हाक मारून चहा दिला, बादलीकडे पाठ करून उभी राहिले आणि प्यायले.